पालकांचा रकाना

आमच्या शाळेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात लाल फडक्यात बांधलेली जुनी दाखल-खारीज रजिस्टरे आहेत. शाळा नगरपालिकेची, माध्यम उर्दू. गाव पंचगंगेच्या खोऱ्यातले, नाव सांगत नाही. गेल्या काही वर्षांत या शाळेत मुलाचे नाव घालायला येणाऱ्या पालकांपेक्षा ही रजिस्टरे उघडायला लावणारी माणसे जास्त झाली आहेत. कुणाला आजोबांचा दाखला हवा असतो, कुणाला चुलत आजोबांचा. मुलगा किंवा मुलगी बारावीला पोहोचलेली असते आणि जातीचा दाखला काढायचा असतो. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. गरिबाच्या घरी इतका जुना कागद कुठून असणार? सातबारा नसतो, घर भाड्याचे असते. एकच जागा उरते, ती म्हणजे आजोबा ज्या शाळेत दोन-तीन वर्षे का होईना बसले ती शाळा.

मग आम्ही फडके सोडतो. नाव सापडते. मुलाचे नाव, बापाचे नाव, धंदा, जन्मतारीख, धर्म व जात असे रकाने असतात. शेवटच्या रकान्यात त्या काळच्या हेडमास्तरांनी लिहिलेले असते, ‘मुसलमान’. बस्स, एवढेच. त्याच पानावर दोन ओळी खाली दुसऱ्या मुलापुढे लिहिलेले असते, ‘मुसलमान बागवान’. दोन्ही घरे एकाच गल्लीतली, दोघांच्या डोक्यावर फळांचीच पाटी. पण एका मास्तरांनी आणखी एक प्रश्न विचारला, दुसऱ्यांनी विचारला नाही, किंवा बापाने सांगितले नाही. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन यांसारख्या मुस्लिम जमातींना इतर मागासवर्गाच्या सवलती मिळाल्या, तेव्हा या दोन ओळींतले अंतर किती मोठे आहे हे समजले. साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाळेच्या दारात उभ्या असलेल्या एका बापाने काय सांगितले यावर आज त्याच्या पणतीचे इंजिनिअरिंग अवलंबून आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा नगरपालिकेचे कर्मचारी आमच्याकडेही आले होते. उर्दू शाळेची रजिस्टरे मराठीत आहेत याचेच त्यांना नवल वाटले. सुरुवातीची काही पाने तर मोडीत आहेत. ती वाचून घ्यायला आम्हाला कोल्हापुरातल्या एका जाणत्या वृद्ध गृहस्थांकडे दोन रविवार जावे लागले.

त्या दोन रविवारांत आमच्या ध्यानात आले की शाळेचा इतिहास आपण शिक्षकांचा आणि संस्थापकांचा म्हणून लिहितो. पालक त्यात एका रकान्यापुरता असतो. पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली हे आपण जाणतो. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, तिच्यावर कामाचा भार पडत असेल अशी काळजी त्यात आहे. फातिमा शेख यांचे चित्र आमच्या शाळेच्या भिंतीवरही आहे. २०२५ च्या जानेवारीत, अशी बाई झालीच नाही, ती काल्पनिक आहे असा दावा जाहीरपणे केला गेला आणि आपल्याकडे त्यावर बरेच लिहिले गेले. पत्र आहे ते आहेच. आमच्या मनात मात्र वेगळा प्रश्न येतो. त्या शाळांत ज्या मुली आल्या त्यांना घरातून कुणी पाठवले? शेणाचे गोळे सावित्रीबाईंच्या अंगावर पडले, तसे टोमणे त्या मुलींच्या आईबापांनाही पडलेच असतील. त्यांची नावे कुणी विचारीत नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी सर्वांना पाठ आहे. त्याच निवेदनात मुसलमानांविषयी एक वाक्य आहे, ते फारसे कुणी सांगत नाही. सरकारी शाळांपासून मुसलमान दूर राहतात, त्यांना मराठीची किंवा इंग्रजीची आवड दिसत नाही, त्यांची स्वतःची भाषा शिकवणाऱ्या शाळा थोड्याच आहेत, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. जोतीरावांच्या सुरात तक्रार नाही, निरीक्षण आहे. पण पालक दूर का राहतात, हे त्यांनीही खोलात जाऊन सांगितलेले नाही. शाळेतले धडे, प्रार्थना, पंतोजी, सगळे परक्या घरचे वाटत असेल. शिवाय मशिदीजवळच्या मकतबात मुलगा कुराण वाचायला शिकत होता. त्याला एक शाळा होती, दुसरी कशाला, असेही असेल.

हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. मुंबईत बदरुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांतले नाखुदा रोगे अशा मंडळींनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली होती. मुसलमानांच्या शिक्षणाचा प्रश्न तिथे आधीच ऐरणीवर होता. आयोगाने शिफारस केली की मुसलमान मुलांच्या प्राथमिक आणि मिडल शाळांचे मुख्य माध्यम हिंदुस्तानी असावे. मात्र जिथल्या मुसलमान समाजाला दुसरी भाषा हवी असेल तिथे ती भाषा ठेवावी. हा दुसरा भाग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. पालकांची इच्छा विचारा, असे सरकारी कागदावर तेव्हाच लिहिले गेले. पुढे तो भाग सरकारही विसरले आणि आपले पुढारीही विसरले. मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण तेवढे पक्के झाले.

यानंतरची हकिकत सक्तीची आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केले. ते पाहून गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचे ते विधेयक आजच्या हिशेबाने अगदीच सौम्य होते. जिनांनी त्याला पाठिंबा दिला होता. पण लोकांची तशी मागणी नाही, असे सरकारचे म्हणणे पडले आणि १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडले. पालकांना शाळा नको आहे, हे वाक्य तेव्हापासून किती जणांच्या तोंडी आले असेल! आम्हीही स्टाफरूममध्ये ते म्हटलेले आहे.

गोखल्यांना ब्रिटिश हिंदुस्थानात जे जमले नाही ते शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. हा एक रुपया किती मोठा होता? गोखल्यांच्या विधेयकात महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ होती, म्हणजे गरिबीची रेघ तिथे ओढलेली होती. त्या मापाने अशा घराच्या महिन्याच्या मिळकतीचा दहावा हिस्सा दंडात जायचा. मूल घरी राहिले तर ते दिवसाला काहीतरी कमावणार किंवा धाकट्याला सांभाळणार. शाळेत गेले तर तेवढे बुडणार. न पाठवले तर दंड. त्या बापाची अवस्था डोळ्यांपुढे आणल्याशिवाय हा कायदा समजत नाही. तरी आम्ही म्हणू की तो कायदा हवाच होता. आमच्या पणजोबांचे नाव या रजिस्टरात आहे. घरात सांगतात की त्यांच्या वडिलांनी दंडाच्या भीतीनेच त्यांना बसवले. तीन इयत्ता झाल्या आणि ते बाजारात बसले. पण हिशेबाची वही आयुष्यभर स्वतः लिहीत. मराठीत लिहीत. उर्दू शाळेत शिकलेला बागवान मराठीत वही लिहितो, हे कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको.

महाराजांनी १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी बोर्डिंगची सोय केली, मोहमेडन एज्युकेशन सोसायटीला आधार दिला. त्याच महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवली. एका समाजाला वेगळे वसतिगृह दिले आणि दुसऱ्या समाजाची वेगळी शाळा मोडली. यात विसंगती शोधणारे शोधोत. वेगळेपण लादलेले असेल तर ते मोडावे लागते, मागितलेले असेल तर त्याचा विचार करावा लागतो, असे आम्ही त्यातून समजतो. आपल्या उर्दू शाळा यांतल्या कुठल्या बाजूला आहेत, हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही.

१९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचा कायदा मिळाला. १९२३ च्या कायद्याने शाळा स्थानिक स्कूल बोर्डांकडे आल्या आणि १९४७ मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. या सगळ्या कायद्यांत पालक हा कर्तव्य चुकवणारा माणूस आहे. नोटीस काढायची ती त्याच्यावर. त्याला बोलावून शाळेविषयी त्याचे मत विचारावे, अशी कुणाला गरज वाटली नाही.

स्वातंत्र्यानंतर एक चांगली गोष्ट झाली. १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले वेगळ्या मातृभाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. १९५६ मध्ये घटनेत ३५०-अ कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते कलम सांगते. शेजारच्या गावातले वृद्ध सांगतात की चाळीस मुलांची यादी भरावी म्हणून जमातीचे लोक घरोघर फिरले. सदतीस झाली, तीन कमी पडली, तेव्हा मराठी शाळेत बसणारी तीन मुले त्यांच्या बापांना समजावून तिकडून इकडे आणली. ही गोष्ट ते अभिमानाने सांगतात. आम्ही ऐकतो तेव्हा त्या तीन मुलांचा विचार मनात येतो. त्यांना कुणी विचारले होते का? मागे कोणते मित्र राहिले?

आता मातृभाषा. हा शब्द आपल्या बाबतीत सरळ नाही. आमच्या घरात दखनी बोलतात, हमना-तुमना करतात. शाळेच्या पुस्तकातली उर्दू आमच्या मुलांना लखनौहून आलेल्या पाहुण्यासारखी वाटते. तिच्यापुढे जरा सावरून बसावे लागते. कोकणातल्या भावांच्या घरी कोकणी, आणि कित्येक खेड्यांत तर चूलखंडापर्यंत मराठीच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते आणि मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. सगळे उर्दू भाषक मुसलमानच धरले तरी दहातल्या चार मुसलमानांनी दुसरी कुठली तरी भाषा सांगितली. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. मुसलमानांनी प्रादेशिक भाषेतून शिकावे, हे त्यांचे आग्रहाचे म्हणणे होते. आमच्यासारख्या उर्दू शाळेत भाकरी मिळवणाऱ्या माणसाने ते मान्य करणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. पण या अंकाच्या बहुतेक वाचकांची हयात मराठी शाळेतून घडली आहे. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते मराठी शाळांत शिकलेल्या पिढीच्या बळावरच. तुमचा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे. उर्दू शाळा हवीच कशाला, असे तुम्ही विचाराल.

उत्तर देण्याआधी एका पालकाची गोष्ट सांगतो. ती आमच्या अम्मींची आहे. त्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या खेड्यात उर्दू शाळा नव्हती. लग्न होऊन या गावी आल्या. आम्हाला उर्दू शाळेत घातले ते अब्बांच्या इच्छेने, मोहल्ल्याच्या रीतीने. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, मुलींना सुरक्षित, जुम्म्याला लवकर सुटते, मास्तर ओळखीचे. ही कारणे लहान नाहीत. पण संध्याकाळी आम्ही पुस्तक उघडले की अम्मी समोर बसत आणि त्यांना एक अक्षर वाचता येत नसे. सात इयत्ता शिकलेली आई आपल्या मुलापुढे निरक्षर होई. कुराणशरीफ त्या वाचत, पण उर्दूचे पुस्तक वेगळ्या वळणाचे, शिवाय जेर-जबर नसलेले. ‘वाच मोठ्याने’ म्हणत, आणि आम्ही काय वाचतो ते ऐकून अंदाजाने मान हलवत. आम्ही अनेकदा चुकीचे वाचले. त्यांना कळले नाही, किंवा कळूनही त्या बोलल्या नाहीत.

१९९५ मध्ये शाळेत तांदूळ सुरू झाला. महिन्याला तीन किलो, हजेरी ऐंशी टक्के हवी. आमच्या आयांच्या आठवणीत ती शाळेची खरी सुरुवात आहे. त्याआधी शाळेत बापच जात असे, तोही नाव घालायला आणि दाखला न्यायला. तांदळाच्या दिवशी आया पिशव्या घेऊन व्हरांड्यात बसत. तिथेच त्यांनी पहिल्यांदा वर्ग पाहिले, गळके कौल पाहिले, कोणते मास्तर वेळेवर येतात ते पाहिले. तांदूळ मोजताना दोन मुठी कमी पडत त्याची कुजबुज होई. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला. पुढे आमच्याकडे खिचडी आली, पिशव्या गेल्या आणि आयांचे व्हरांड्यात बसणेही गेले. मुलांच्या दृष्टीने खिचडीच बरी, यात शंका नाही. पण ती गर्दी मोडली ती पुन्हा जमली नाही.

२००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले तीन-चार टक्केच आहेत आणि मुस्लिम पालकांचा सरकारी शाळेला विरोध नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आम्हाला हे वाचून हसू आले आणि वाईटही वाटले. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही चाचींना विचारले असते तरी त्यांनी हेच सांगितले असते. २००८ मध्ये अल्पसंख्याक मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली. पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला एक हजार रुपये, उत्पन्नाची मर्यादा एक लाख. त्या हजार रुपयांसाठी पालक काय काय करीत होते ते आम्ही पाहिले आहे. उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र, आपण मुसलमान असल्याचे प्रतिज्ञापत्र, मुलाचे बँकेत खाते. बँकेत साहेब म्हणत, लहान मुलाचे खाते शाळेतून लिहून आणा. शाळेत यावे तर आम्ही निवडणुकीच्या कामावर. स्टँपपेपर, झेरॉक्स, दोन दिवसांची बुडालेली मजुरी, हे वजा करून हातात किती राहिले याचा हिशेब एका रिक्षावाल्या पालकाने आम्हाला पाढा म्हणावा तसा म्हणून दाखवला होता. तरी ते अर्ज भरत होते. २०२२ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांची ही शिष्यवृत्ती बंद झाली. आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे, असे कारण देण्यात आले. ती बातमी पालकांना आम्ही सांगितली. दोष त्यांनी आम्हालाच दिला. आम्ही समोर होतो, म्हणून.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कोल्हापूरच्या १९१७ च्या कायद्याशी तो ताडून पाहावा. नाव घालण्याचे कर्तव्य या कायद्यातही पालकाचे आहे, पण त्याला दंड नाही. उलट शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे त्यात लिहिले आहे. शंभर वर्षांत पालक दंडाच्या नोटिशीवरून समितीच्या खुर्चीवर आला. कागदावर ही फार मोठी क्रांती आहे. प्रत्यक्षात काय झाले तेही सांगतो. सभेची नोटीस मराठीत निघते, बोलणे दखनीत होते, फळ्यावर उर्दू असते आणि इतिवृत्त पुन्हा मराठीत. वेळ सकाळी अकराची, म्हणजे बाप बाजारात. आया येतात, कडेवर मूल घेऊन येतात, आणि आम्ही म्हणतो, ‘भाभी, इथे सही करा.’ आम्हीही कोऱ्या पानावर सह्या घेतल्या आहेत. वरून अहवाल मागतात, दुसऱ्या दिवशी द्यायचा असतो, असे आम्ही स्वतःला सांगतो.

तीन वर्षांपूर्वी समितीच्या अध्यक्षपदी एक बाई आल्या. शिवणकाम करतात, मराठी सातवी. पहिल्याच सभेत वही त्यांच्यापुढे सरकवली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, “पैले पढको सुनाव, फिर सई करती मैं.” आम्ही इतिवृत्त वाचले. दोन ठरावांवर त्यांनी विचारले, हे कधी ठरले? ते ठरलेच नव्हते. मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेले होते. खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग त्यांनी शाळेत रिकाम्या असलेल्या शिक्षकांच्या जागांविषयी विचारले. आम्ही बिंदुनामावली समजावून सांगितली. राखीव जागेला त्या प्रवर्गातला उर्दू शिकलेला उमेदवार मिळत नाही, आणि जागा दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे रिकामी राहते. त्या म्हणाल्या, आरक्षण चुकीचे नाही, पण आमच्या पोरांनी तोवर कुणाकडे बघायचे? याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्याच सभेत पटाचा विषय निघाला. आम्ही शिकत होतो तेव्हा प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या. आता दोन इयत्ता एका खोलीत बसतात. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचा निर्णय राज्यात झाला होता. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याची भाषा सुरू झाली. आमची शाळा अजून त्या रेषेच्या वर आहे. पण पालक वर्तमानपत्र वाचतात आणि बंद पडणाऱ्या दुकानात कुणी उधारीही ठेवत नाही. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले तेव्हा वाटले होते की आता पालक थांबतील. थांबले नाहीत. आम्ही सभेत पालकांना सांगत होतो की मुले इथेच ठेवा, मातृभाषेतले शिक्षण पायाचे असते, इंग्रजी शाळेची फी कशाला भरता. बोलणे चांगले रंगले होते. तेव्हा त्या बाईंनी अगदी सहज विचारले, “सर, तुमारी बच्ची कां पढती?”

आमची मुलगी तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. सगळ्यांना ते माहीत होते, गाव लहान आहे. आम्ही कारणे सांगू शकलो असतो. तिची आई नोकरी करते, शाळेची बस दारात येते. खरे कारण एवढेच की आमचा आमच्याच शाळेवर भरवसा नाही. तो बसावा असे काम आम्ही केले आहे की नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही खाली बघून म्हणालो, “इंग्रजी शाळेत.” कुणी हसले नाही. बाई म्हणाल्या, “मेरेकू पयशे रयते तो मैं बी डालती.” आणि पुढचा विषय घ्यायला सांगितला. त्या दिवशी ठराव झाला की इथून पुढे इतिवृत्त सभेतच लिहायचे आणि तिथेच वाचायचे. दुसरा ठराव असा, की शनिवारी शाळा सुटल्यावर आयांना उर्दू वाचायला शिकवावे. मराठी येणाऱ्या आयांसाठी देवनागरीवरून उर्दू अक्षरे ओळखण्याचे तक्ते आम्ही केले. पहिल्या शनिवारी अकरा जणी आल्या, नंतर सात, आणि आता चार-पाच येतात. त्यांतल्या एकीने परवा मुलाच्या वहीतली आमची तपासणीची चूक दाखवली.

तेव्हा, उर्दू शाळा हवीच कशाला, या तुमच्या प्रश्नावर आमचे म्हणणे एवढेच की ते पालकाला विचारा, आणि विचारण्याआधी त्याच्यापुढे चांगली उर्दू शाळा आणि चांगली मराठी शाळा दोन्ही ठेवा. हंटर आयोगाच्या शिफारशीत ‘समाजाला हवी असेल तिथे’ असे शब्द होते. त्यात हवे-नको ठरवायला निवड लागते. आज आमच्या गल्लीतल्या बापापुढे पडकी सरकारी शाळा आणि न परवडणारी खासगी शाळा अशी निवड आहे. त्यात भाषेचा प्रश्न शेवटी येतो. आमच्या मुलीचे नाव अजून त्या शाळेतच आहे. हे लिहून आमचे ओझे कमी होत नाही.

या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी एक जोडपे आले. बाप आधी कपाटापाशी गेला. त्याला त्याच्या आजोबांची नोंद हवी होती. फडके सोडले, पान सापडले. जन्मतारीख १ जून, आपल्याकडे निम्म्या लोकांची असते तशी. जात, ‘मुसलमान’. त्याचा चेहरा उतरला. मग त्याच्या बायकोने पोरीला पुढे केले. तिचे नाव पहिलीत घालायचे होते. पोर टेबलाला धरून उभी राहिली. आम्ही चालू रजिस्टर उघडले. आता त्यात आईच्या नावाचा वेगळा रकाना आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर तर आईचे नाव बापाच्या आधी येणार आहे. जातीच्या रकान्यात आम्ही पूर्ण लिहिले, आणि लिहिताना दोनदा विचारून घेतले. बाप म्हणाला, बरोबर. आम्ही रजिस्टर मिटणार तोच त्या बाईंनी हात पुढे करून ते स्वतःकडे फिरवले आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागल्या. आजोबांच्या नावात दस्तगीर होते. आम्ही घाईत ‘दसतगीर’ लिहिले होते.

“स आणि त जोडून लिहा सर,” त्या म्हणाल्या, “नाहीतर पुढे तिला त्रास होईल.”

आम्ही खोडून पुन्हा लिहिले आणि बाजूला सही केली.